शिकवणारीचा पाय

३ फेब्रुवारी

आशीर्वाद लिहावा की लिहू नये यात माझी पंधरा मिनिटं गेली. शेवटी लिहिते: आशीर्वाद. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

नऊ वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. आजही माफी मागायला लिहीत नाही, कारण मागण्यासारखं मी काही केलेलं नाही. पोलिसांनी विचारलं, मी उत्तर दिलं. तुझं लक्ष रस्त्यावर नव्हतं, हातातल्या फोनवर होतं, हे मी तेव्हा सांगितलं आणि कोर्टातही तेच सांगितलं. आईने मुलासाठी थोडं खोटं बोलायला काय हरकत होती, असं तुझ्या बायकोने मला तोंडावर विचारलं होतं. त्या माणसालाही आई होती. खांद्यावर शिडी घेऊन रंगकामाला निघाला होता, तो घरी गेलाच नाही. तू वर्षभराने का होईना, तुरुंगातून घरी आलास.

असो. लिहिण्याचं कारण वेगळं आहे. तुझी मुलगी माझ्याकडे गाडी शिकते आहे.

दचकू नकोस, आणि तिच्यावर ओरडू तर मुळीच नकोस. ती स्वतःहून आली. तिच्या कॉलेजच्या वसतिगृहापासून आमचं ड्रायव्हिंग स्कूल दोन बसथांब्यांवर आहे. एका शनिवारी दारात उभी. तू तिला मुंगी म्हणायला लागलास तेव्हा ती न वाकता टेबलाखालून जायची. आता माझ्याहून वीतभर उंच आहे. मला म्हणते, "आजी, फी किती घेतेस?"

मी म्हटलं, "नात्यातल्यांना दुप्पट."

"मग मी ओळख दाखवत नाही."

नाक तुझं, जीभ माझी. बिचारीला दोन्हीकडचं वाईटच तेवढं मिळालं.

तिला मी बाकीच्यांसारखंच शिकवते. पहिल्या दिवशी पट्टी. तुला आठवत असेल: शिकणाऱ्याने अंगठा आणि बोट उघडं धरायचं, मी वरून फूटपट्टी सोडायची, त्याने ती पकडायची. पट्टी किती घसरली यावरून डोळ्यापासून हातापर्यंत निरोप जायला किती वेळ लागतो ते कळतं. कॉलेजात मानसशास्त्राच्या सरांनी हा प्रयोग आमच्यावर केला होता. त्यांचं बाकी सगळं मी विसरले, पट्टी तेवढी राहिली. तू शिकायला बसलास तेव्हा सोळा सेंटिमीटरवर पकडली होतीस. तिने चौदावर पकडली.

तुला सांगणार नाही असं वचन तिने माझ्याकडून मागितलं. मी दिलं नाही. लपवाछपवी मला जमत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

आई

२७ फेब्रुवारी

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं.

गेल्या मंगळवारी आमची गाडी मागून ठोकली गेली. दोष मागच्याचा नव्हता, माझा होता. स्टिअरिंगवर बँकेतल्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, नवरा गेल्यावर शिकायला आलेल्या. सरळ रस्ता, सकाळचे अकरा. माझ्या बाजूच्या ब्रेकवर माझा पाय असा पडला की गाडी जागच्या जागी खिळली. मागून दुधाची व्हॅन आदळली.

बाई म्हणाल्या, "काय झालं हो, मॅडम?"

मी म्हटलं, "कुत्रं आलं मध्ये."

"कुठे? मला नाही दिसलं."

"तपकिरी. एक कान फाटलेला. तुमचं लक्ष कुठे होतं?"

त्या गप्प बसल्या. मी गप्प बसवते हे तुला माहीत आहे.

गाडीच्या काचेवर मालकांनी कॅमेरा बसवून घेतला आहे. विम्यासाठी तो संध्याकाळी पाहिला. रस्ता रिकामा. कुत्रं नाही, मांजर नाही, उडणारा कागद नाही. मालकांनी तीनदा लावलं. नंतर हळूच म्हणाले, "बाई, डोळे तपासून घेता का एकदा?"

डोळे उत्तम आहेत. दुसऱ्याच दिवशी तपासून घेतले.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सत्तावीस वर्षं मी असं समजत आले की आधी मला दिसतं, मग मी ठरवते, मग पाय दाबतो. आता नीट आठवून बघते, तर क्रम तसा नव्हताच. पाय आधी जायचा. गाडी थांबायची. मग मला चेंडू दिसायचा, उघडलेलं दार दिसायचं, आणि मी म्हणायचे, चेंडू दिसला म्हणून मी दाबला. दरवेळी कारण सापडायचं, म्हणून कधी शंका आली नाही. या वेळी पायाने दाबला, मी कारण शोधायला गेले, आणि कारण तिथे नव्हतं. तर मी एक कुत्रं तयार केलं. मुद्दाम नव्हे. अजूनही डोळे मिटले की मला तो कान दिसतो.

मालकांनी मिस्त्रीकडून माझ्या पेडलला बझर लावून घेतला. मी ब्रेक दाबला की तो किरकिरतो, म्हणजे कुणी थांबवलं याचा वाद नको. आता माझा पाय काय करतो हे मला बझरकडून कळतं. दिवसभर किरकिर. इतक्यांदा दाबते हे मला माहीत नव्हतं. पायावर लक्ष ठेवून पाहिलं, तर तो अडखळतो, उशिरा जातो. जिना उतरताना आता उजवा टाकू की डावा असा विचार केला की तोल जातो ना, तसं. म्हणून लक्ष काढून घेतलं.

मुंगीला या सगळ्याची मजा वाटते. "आजी, तुझ्या पायाला वेगळा पगार मागून घे."

मी हसले. पण तुला सांगते, मला भीती वाटते. कशाची ते अजून कळत नाही.

२२ मार्च

माझं पहिलं पत्र काल परत आलं, न फोडलेलं. पाकिटावर तुझ्या हाताने "परत पाठवावे." शेवटची मात्रा अजून पाकिटाबाहेर जाईल इतकी लांब काढतोस. दुसरं पत्रही वाटेत असेल.

एका परीने बरं झालं. कुणी वाचणार नसलं की हात मोकळा होतो. तेव्हा आज जे कुणाला सांगितलं नाही ते लिहून टाकते.

तो शिडीवाला मी तुझ्या आधी पाहिला होता.

आधी शिडीचं टोक दिसलं, भिंतीच्या कोपऱ्यातून पुढे आलेलं, त्याला लाल फडकं बांधलेलं. मग तो. तू गाडी नवीन घेतली होतीस आणि मला पहिल्यांदाच फिरवायला नेलं होतंस. मी बाजूच्या सीटवर होते, जशी रोज असते. माझा पाय गेला. पूर्ण ताकदीने दाबला. तुझ्या गाडीत माझ्या बाजूला पेडल नव्हतं, चटई होती. पण आतून मला एकच जाणीव झाली: झालं, दाबला, आता थांबेल. अगदी निवांत वाटलं बघ. म्हणून मी ओरडले नाही. काम झाल्यावर ओरडायचं कशाला?

टाच आठ दिवस दुखत होती. डॉक्टरांना मी जिन्यात घसरले म्हणून सांगितलं.

हे पोलिसांना सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. आणि सांगून तुझा काय फायदा झाला असता? चटई दाबणारी म्हातारी आरोपी होत नाही. गाडी तू चालवत होतास, आणि तुझं लक्ष फोनमध्ये होतं. तो मुद्दा तसाच राहतो.

मुंगी काल परीक्षा पास झाली. शंकूंच्या मधून आठचा आकडा, चढावर थांबून पुन्हा सुरू करणं, मागे घेणं, सगळं सुरेख. सिग्नलला थांबते ती तर अशी की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तर थेंब सांडणार नाही. परीक्षक मला म्हणाले, "बाई, तुमचे विद्यार्थी लगेच ओळखू येतात. एकालाही घाई नसते." मी फुगले. या वयात स्तुतीने फुगायला होतं, कारण ती क्वचित मिळते.

मालकांनी मला एक तारखेपासून ऑफिसात बसायला सांगितलं आहे. फॉर्म भरून घ्यायचे. गाडीत नको. "आराम करा आता," म्हणाले. आराम म्हणजे काय ते मला ठाऊक आहे.

९ एप्रिल

हे पत्र तू फोडायला हवंस. पाकिटावर तसं लिहिते आहे, तरी तू फोडणार नाहीस.

परवा मुंगी म्हणाली, "आजी, सुट्टीला घरी जायच्या आधी एक फेरी मारू. आता मी तुला फिरवते, तू फक्त बस." आमची जुनी गाडी विकायला काढली आहे, म्हणून मिस्त्रीने माझं पेडल आणि बझर काढून ठेवलं होतं. मालकांनी किल्ली दिली. घाऊक बाजारामागच्या रस्त्याने निघालो. छान चालवत होती, गाणं गुणगुणत होती.

गल्लीतून एक हातगाडी बाहेर आली, वर रिकामी खोकी रचलेली. माझा पाय गेला. तिथे काही नाही हे मला पक्कं माहीत होतं, पेडल काढताना मी स्वतः मिस्त्रीपाशी उभी होते. तरी पाय गेला, आणि आत पुन्हा तेच. झालं. थांबेल.

थांबली नाही. मी मुंगीच्या पायाकडे पाहिलं. अॅक्सिलरेटरवरून तो उचललेला होता आणि तसाच अधांतरी होता. ब्रेककडे गेलाच नव्हता. कशाची तरी वाट बघत असल्यासारखा.

खोकी रस्ताभर उडाली. हातगाडीवाल्याने दांडी सोडून बाजूला उडी मारली, म्हणून वाचला. उठून खिडकीशी आला आणि मलाच म्हणाला, "म्हातारे, पोरीला गाडी चालवायला शिकवतेस की माणसं मारायला?"

आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला गप्प बसवलं.

मुंगी स्टिअरिंग सोडेना. म्हणाली, "आजी, मला वाटलं तू दाबलास."

हे वाक्य मी आधी ऐकलं आहे.

त्या दिवशी तू रस्त्यावर त्या माणसाजवळ गुडघे टेकून बसला होतास आणि माझ्याकडे बघून म्हणालास, "आई, तू दाबला नाहीस?" मला वाटलं, आपलं पाप माझ्या गळ्यात मारतोय. तुझ्या गाडीला माझा ब्रेक आहे कुठे, शुद्धीवर ये, असं मी तुला सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं. पोलीस आले तेव्हा माझा तो राग ताजा होता.

घरी येऊन मी मुंगीचे तास आठवत बसले. अडतीस तास. सिग्नल, शंकू, चढ, जिथे थांबायचं हे आधीपासून ठरलेलं असतं तिथे ती स्वतः थांबली. पण काही अचानक आडवं आलं, तर एकदाही ती थांबलेली नाही. दरवेळी माझा पाय तिच्या आधी पोहोचला. बझर मला तेच सांगत होता आणि मी त्याला किरकिर म्हणत होते. तिच्या पायाने अडतीस तासांत एकच गोष्ट शिकून घेतली: आडवं काही आलं की बाजूचं माणूस थांबवतं. तिला विचारलंस तर ती शपथेवर सांगेल, मला ब्रेक मारता येतो. तिचं मन ते खरंच मानतं. पायाला ठाऊक नाही.

तुलाही मीच शिकवलं. दोन वर्षं तू एकट्याने चालवलीस, एक ओरखडा नाही. कारण बाजूला मी नव्हते. त्या दिवशी मी बाजूला होते, आणि तुझा पाय माझी वाट बघत थांबला. माझा पाय चटईवर होता. दोघंही आपापल्या परीने निर्धास्त. गाडीला कुणीच थांबवलं नाही. ब्रेकची खूण रस्त्यावर नव्हती, हे कोर्टात तुझ्या विरुद्ध गेलं होतं.

आता फोन. हे लिहायला मला दोन दिवस लागले.

तू ब्रेक का दाबला नाहीस याचं मला कारण हवं होतं. तुझ्या पायाशी फोन पडलेला दिसला. तुझ्या बायकोचा फोन त्याच मिनिटाला येऊन गेला होता असं नंतर निघालं, मग तर प्रश्नच उरला नाही. तू सांगत राहिलास की तो शर्टाच्या खिशातून पडला. मी मात्र फोन तुझ्या हातात पाहिला, अगदी स्पष्ट, अंगठा कुठे होता तेसुद्धा मी कोर्टात सांगितलं. जितका स्पष्ट कुत्र्याचा फाटका कान पाहिला, तितका.

मी रस्त्याकडे बघत होते रे. लाल फडकं बघत होते. रस्त्याकडे बघणाऱ्या बाईला शेजारच्याच्या हातातला अंगठा दिसेल कसा?

माझी साक्ष खरी नव्हती. मला ती खरी वाटत होती, याने तुझं वर्ष परत येत नाही.

मुंगी आज सकाळच्या बसने तुझ्याकडे गेली. लायसन्स पर्समध्ये आहे.

११ एप्रिल, बसमध्ये

अक्षर वेडंवाकडं येतंय, बस उडते आहे.

काल तिला फोन केला. तुला मी फोन करू शकत नाही, तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस.

"आजी, बाबांना सगळं सांगितलं! तुझं नाव तेवढं नाही सांगितलं. आधी चिडले, मग लायसन्स उलटसुलट करून बघत बसले. उद्या दिवसभर त्यांना काम आहे. परवा सकाळी आजोळी निघतोय, हायवेने. मी चालवणार!"

"तू चालवायची नाहीस."

"का? चार खोक्यांचं काय घेऊन बसलीस? आणि मी एकटी कुठे आहे, बाबा बाजूला बसणार आहेत."

"तोच धोका आहे."

"काय गं आजी तुझं! बाजूला कुणी नाही तरी धोका, आहे तरी धोका."

"नसलं तर कमी आहे. मुंगी, ऐक. बाबांना दे फोन."

मग म्हणाली, "ते तुझ्याशी बोलणार नाहीत. माझ्यावर मात्र चिडतील. सोड ना. मी जपून चालवेन, देवाशप्पथ." आणि ठेवला. त्यानंतर उचलत नाही.

जपून चालवेल. तिची शपथ खरी आहे. तुझं काय? तू कधी शिकवलेलं नाहीस, पण तिचा बाप आहेस. हायवेवर काही आडवं आलं की बाजूच्या सीटवर तुझाही पाय चटईत रुतणार, आणि तुला वाटणार, झालं. मागे तुझी बायको असेल.

शेजारची बाई मला दोनदा म्हणाली, "अहो, पाय का आपटताय?" मी खाली पाहिलं. बस वळणावर होती. माझा पाय समोरच्या सीटखाली दाबून धरलेला होता.

१२ एप्रिल, सकाळी साडेसहा

हा कागद वायपरखाली, अक्षरं आतल्या बाजूला करून लावते आहे. जो ड्रायव्हरच्या सीटवर बसेल त्याला वाचावाच लागेल. मुंगी, तू बसली असशील तर उतर आणि बाबाला बसव. बाकीचं त्याच्यासाठी आहे.

फोन तुझ्या हातात नव्हता. मी पाहिला नव्हता. त्या माणसाला मी आधी पाहिलं आणि ओरडले नाही. हे मी कोर्टात लिहून द्यायला तयार आहे, अर्ज तयार करून पिशवीत आणला आहे. हा कागद उघडा आहे, रस्त्यावरच्या कुणालाही वाचू दे.

तुझ्या मुलीला अचानक ब्रेक मारता येत नाही. चूक तिची नाही, माझी. तिला रिकाम्या मैदानावर ने, बाजूची सीट रिकामी ठेव, तू बाहेर उभा राहा आणि गाडीपुढे खोकी फेकत जा. महिना लागेल. तोवर तिला किल्ली देऊ नकोस. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण हे कर.

वॉचमन मला वर सोडत नाही. "साहेबांनी सांगून ठेवलंय, बाई, माझी नोकरी जाईल," म्हणतो. त्याचं त्याने नीट केलं. त्याला तुमच्या घरी निरोप द्यायला पाठवलं, तर तुझ्या बायकोने आतूनच सांगितलं की कुणाला भेटायचं नाही. गाडी कुंपणाबाहेर रस्त्यावर आहे म्हणून इथवर तरी येता आलं. बॉनेटवर कागद ठेवून लिहिते आहे.

जिन्यात दार लागलं. तुम्ही उतरताय. मुंगी काहीतरी सांगते आहे आणि तू हसतोस. तुझं हसणं नऊ वर्षांनी ऐकलं.

कागद लावून मी गाडीच्या पुढे, बंपरला गुडघे टेकवून उभी राहते आहे. किल्ली कुणाच्या हातात आहे ते इथून दिसत नाही. तिच्या हातात असेल तर ती आधी काढून घे, मग मला काय बोलायचं ते बोल. तोवर मी इथून हलणार नाही.